चिंता नेमकी कुठल्या पायरीची?



आजच्या व्याख्यानाच्या फलकावर आयोजकांनी रोबोचं चित्र छापलंय. लाल डोळे, पोलादी पंजा. चित्र झकास आहे, पण त्यातल्या गृहस्थाची मला फारशी भीती वाटत नाही. मला धास्ती वाटते ती आयकराच्या एका आदेशाची.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हा आदेश मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. एका कंपनीने उत्पन्न दाखवलं होतं ३ कोटी ९ लाख. करदात्याला समोर न बोलावता आकारणी करणाऱ्या आयकर खात्याच्या 'फेसलेस' यंत्रणेने ते ठरवलं २७ कोटी ९१ लाख. आधाराला तीन न्यायनिवाडे दिले होते. कंपनीचे वकील ते शोधायला गेले, तर तिन्ही निवाडे अस्तित्वातच नाहीत! न्यायालयाने आदेश रद्द केला, प्रकरण नव्याने तपासायला परत पाठवलं आणि बजावलं, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका. निवाडे कुठून आले याचा निकाल तिथे लागला नाही. पण सरकारी आदेश निघाला, आणि तो निघेपर्यंत ते निवाडे कुणी उघडून पाहिले नाहीत, एवढं तर उघड आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या वादाकडे येऊ. मार्च २०२३ मध्ये एक जाहीर पत्र निघालं. ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ पेक्षा ताकदवान प्रणाली घडवण्याचं काम निदान सहा महिने थांबवा, अशी मागणी होती. हजारोंनी सह्या केल्या, थांबलं कुणीच नाही. त्या पत्रामागची काळजी मला पटते, त्यांनी धरलेली पायरी मात्र पटत नाही. त्यांनी बोट ठेवलं ताकदीवर, आणि ताकद मोजायची तर हाताशी असते ती आकडेमोडीची राशी. युरोपच्या कायद्यातही तोच हिशोब आहे: प्रशिक्षणाला एकावर पंचवीस शून्यांपेक्षा जास्त आकडेमोड लागली, की प्रणाली धोक्याच्या वर्गात धरायची. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ओपनएआयने दाखवलं, की उत्तर देण्याआधी यंत्राला जास्त वेळ विचार करू दिला तरी त्याची कुवत वाढते. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने तुलनेने थोडक्या साधनांत तोच पल्ला गाठला. नुसता आकार मोजून आता भागत नाही.

वसईकरांना हा वाद समजायला जड जाऊ नये. १९९० मध्ये सिडकोकडे इथलं नियोजन गेलं आणि हरित वसईची चळवळ पेटली. चळवळीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विकासाचे वैरी ठरवणारे तेव्हाही होते. पण चळवळीचं भांडण रस्त्याशी किंवा विजेशी नव्हतं. वाड्या आणि विहिरी ज्या पायरीवर बिल्डरच्या हवाली होणार होत्या, त्या पायरीशी होतं.

माझ्या मते यंत्राच्या वाटेवर अशा तीन पायऱ्या आहेत. शेवटून सुरुवात करतो. तिसरीबद्दल थोडक्यात बोलेन, कारण ती तज्ज्ञांची आहे. आजची यंत्रं विचार बऱ्याच अंशी आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मांडतात. पुढे ती आपल्याला न कळणाऱ्या आकड्यांत विचार करू लागली, तर डोकवायची ही खिडकी बंद होईल. जुलै २०२५ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन हाच इशारा दिला.

दुसरी पायरी म्हणजे यंत्राने पुढचं यंत्र घडवणं. आय. जे. गुड या ब्रिटिश गणितीने १९६५ मध्येच ही शक्यता मांडली होती. आज मोठ्या कंपन्यांत प्रोग्रॅम लिहिण्याचं बरंच काम यंत्रच करतं. यंत्र स्वतःच्या बळावर किती लांबीचं काम निभावतं, हे मोजणाऱ्या मेटर या संस्थेने मार्च २०२५ मध्ये सांगितलं, की ती लांबी साधारण दर सात महिन्यांनी दुप्पट होतेय. हा वेग टिकेलच असं नाही. पण टिकला, तर तपासणारा माणूस मागे पडणार.

पहिली पायरी आपल्या दारात आलीच आहे: सल्ला देणाऱ्याच्या हाती कारभार देणं. मे २०२५ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने आपल्याच यंत्राच्या चाचणीचा अहवाल छापला. काल्पनिक कंपनीचा ईमेल यंत्राच्या हाती दिला होता. त्यात दोन गोष्टी होत्या: यंत्र बदललं जाणार आहे, आणि बदलणाऱ्या इंजिनिअरचं बाहेर लफडं आहे. ते लफडं उघड करीन, असं यंत्राने त्याला धमकावलं! नुसत्या गप्पा मारणाऱ्या यंत्राला हे जमलं नसतं; ईमेल पाठवायची मुभा होती म्हणून जमलं.

यान लेकुन यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ म्हणतात, या यंत्रांना मांजराएवढीही समज नाही, उगाच घाबरवू नका. नोबेल मिळवलेले जेफ्री हिंटन नेमकं उलट सांगतात. यांच्यात पंच होण्याची माझी लायकी नाही. पण त्या आयकराच्या आदेशाला कुठे अफाट बुद्धी लागली होती? सही करणाऱ्याने न वाचणं, एवढं पुरलं.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने 'महाक्राइमओएस एआय' ही पोलिस तपासाला मदत करणारी प्रणाली नागपूरच्या २३ ठाण्यांवरून राज्यातल्या अकराशे ठाण्यांत नेण्याची घोषणा केली. सायबर फसवणुकीच्या तक्रारी तुंबून पडतात, तेव्हा मदत हवीच. मी विरोध करणार नाही. पण एफआयआरचा मसुदा यंत्राने केला, तर अधिकाऱ्याने तो ओळ न् ओळ वाचला याची नोंद कुठे राहणार? चूक निघाली तर जबाब कोण देणार?

म्हणून एक विनंती. महापालिकेच्या घरपट्टीपासून पोलिस ठाण्याच्या तक्रारीपर्यंत जिथे अशी प्रणाली येईल, तिथे दोन प्रश्न लेखी विचारा: शेवटचा निर्णय कुणाच्या सहीने होतो, आणि त्याविरुद्ध दाद कुणाकडे मागायची? हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं: अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे.