निर्बंध की वाटाघाटी? इराणच्या अणुप्रश्नाचा अनुभव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या ठरावाचा जो मसुदा आपल्यापुढे यावयाचा आहे, त्यात असे एक वाक्य आहे : ‘बड्या राष्ट्रांनी लादलेले सर्व आर्थिक निर्बंध हे साम्राज्यशाहीचे हत्यार असून पक्ष त्यांचा निरपवाद निषेध करतो.’ काल रात्री पंगतीत एका तरुण साथीने मला विचारले की, दक्षिण आफ्रिकेवरील बहिष्काराचा आपण वर्षानुवर्षे पुरस्कार केला, मग इराणच्या बाबतीत तेच हत्यार एकदम पापमय कसे झाले? प्रश्न रास्त आहे. घोषणा देऊन तो टाळता येणार नाही. म्हणून माझे आजचे बोलणे मी त्या एका प्रश्नापुरतेच ठेवणार आहे.

दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता. वर्ष १९४६, आपण अजून स्वतंत्रही झालो नव्हतो. पुढे आल्बर्ट लुथुली आणि त्यांचे सहकारी यांनी स्वतःच जगाला बहिष्काराचे आवाहन केले. त्याची झळ आपल्याच लोकांना लागणार हे त्यांना ठाऊक होते, आणि ठाऊक असून त्यांनी ते मागितले. शिवाय मागणी एकच होती, वर्णद्वेषी राजवट संपवा. आणि ती संपताच निर्बंधही गेले. ज्यांना सोसावे लागणार त्यांची संमती, आणि काय केले असता हे उठेल याविषयीची निश्चिती, या दोन कसोट्या मनाशी ठेवून आपण इराणकडे वळू.

इराणचा निर्बंधांशी परिचय अणुप्रश्नाच्या फार आधीचा आहे. १९५१ साली मोसादेग यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनने इराणच्या तेलाची जगभर कोंडी केली आणि १९५३ साली ब्रिटन व अमेरिका यांच्या गुप्तहेर खात्यांनी त्यांचे सरकार उलथून शहाची सत्ता पक्की केली. त्याच शहाला अमेरिकेने तेहरानची संशोधन अणुभट्टी पुरविली. ती १९६७ साली सुरू झाली. इराणमधील सामान्य माणूस हा इतिहास शाळेत शिकतो. वॉशिंग्टनमधील पुष्कळ मुत्सद्द्यांना तो आठवत नाही, एवढाच फरक.

परंतु यावरून इराणचे राज्यकर्ते निरपराध ठरत नाहीत. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर इराणची सही १९६८ पासून आहे. असे असता नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाचा कारखाना त्यांनी दडवून ठेवला आणि २००२ साली तो उघडकीस आला. जगाने हिशेब मागितला यात अन्याय काही नव्हता. हिशेब कसा मागितला, हा खरा वाद आहे.

२००३ साली ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी यांच्याशी बोलणी होऊन इराणने समृद्धीकरण तात्पुरते थांबविले. २००५ साली मर्यादित संख्येने यंत्रे चालवू द्या, तपासणी करा, असा प्रस्तावही त्याने पुढे केला. उत्तर आले की, एकही यंत्र चालता कामा नये. मग बोलणी फिसकटली, २००६ पासून सुरक्षा समितीचे निर्बंध एकामागून एक आले, आणि २०१२ साली युरोपने तेलखरेदी बंद करून इराणी बँकांना आंतरराष्ट्रीय देवघेवीच्या जाळ्यातून बाहेर काढले. आता दुसरी बाजू पाहा. ज्या देशाजवळ २००३ साली प्रायोगिक अवस्थेतील काहीशेच सेंट्रिफ्यूज होते, त्याच्याजवळ २०१३ साली सुमारे १९,००० उभे होते. दबाव वाढत गेला तसा कार्यक्रमही वाढत गेला.

मग निर्बंध निष्फळच ठरले काय? येथे आपल्यापैकी काहींना माझे म्हणणे रुचणार नाही. पण माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. २०११ साली इराण दररोज सुमारे पंचवीस लाख पिंपे तेल बाहेर विकत होता. दोन वर्षांत ती विक्री निम्म्याहून खाली आली. चलन कोसळले, महागाई भडकली आणि २०१३ च्या निवडणुकीत लोकांनी, निर्बंध उठवून आणतो म्हणणाऱ्या रुहानींना निवडून दिले. इराण वाटाघाटींच्या मेजावर आला त्यात या कोंडीचा वाटा होता. मात्र केवळ कोंडीने तडजोड झाली असे म्हणणेही तितकेच खोटे आहे. ओमानच्या मध्यस्थीने झालेल्या गुप्त भेटींत अमेरिकेने आपला ‘एकही यंत्र नको’ हा हट्ट सोडला आणि कडक देखरेखीखाली थोडे समृद्धीकरण चालू देण्याची तयारी दाखविली, तेव्हाच गाठ सुटली. दहा वर्षांपूर्वी जे नाकारले, तेच अखेर अधिक किंमत मोजून स्वीकारावे लागले.

१४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या कराराने काय साधले ते पाहा. समृद्धीकरणाची मर्यादा ३.६७ टक्के, साठा ३०० किलोच्या आत, सेंट्रिफ्यूजची संख्या १९,००० वरून सुमारे ६,१०० वर, अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना अभूतपूर्व प्रवेश. एका बाँबपुरते द्रव्य जमविण्यास जो दोनतीन महिन्यांचा अवधी लागला असता, तो वर्षावर गेला. बाँबफेकीवाचून हे घडले. इराण अटी पाळीत आहे, असे निरीक्षकांनी पुनःपुन्हा नमूद केले.

८ मे २०१८ रोजी अध्यक्ष ट्रंप यांनी या करारातून अंग काढून घेतले. इराणने करार मोडला म्हणून नव्हे, तर करार पुरेसा कडक नाही म्हणून. निर्बंध पूर्वीहून तीव्र झाले. जे करारात राहिले होते त्या युरोपीय राष्ट्रांच्या बँकाही अमेरिकेच्या धाकाने मागे सरल्या. भारतानेही मे २०१९ मध्ये इराणी तेल घेणे थांबविले. आपल्या परराष्ट्रधोरणाच्या स्वायत्ततेविषयी मोठमोठी भाषणे करणाऱ्यांनी हे केले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आपण खेड्यापाड्यांतून काम करणारी माणसे. सावकारी आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. जमीन गहाण ठेवलेला कुळवाडी पोटाला चिमटा काढून कर्ज फेडतो, कारण फेडल्यावर जमीन सुटेल असा त्याला भरवसा असतो. पैसे घेऊनही सावकाराने गहाणखत परत केले नाही, तर पुढचा हप्ता कोण भरील? निर्बंधांचे सामर्थ्य ते लादण्यात नसून उठविण्यात आहे. ज्याला ते उठवावयाचेच नाहीत किंवा उठविता येत नाहीत, त्याच्या हातात दबावाचे साधन उरत नाही, केवळ शिक्षा उरते. इराणने वर्षभर वाट पाहिली आणि नंतर एकेक मर्यादा ओलांडली. २०२१ साली समृद्धीकरण ६० टक्क्यांवर गेले. जून २०२५ मध्ये त्या प्रतीचा सुमारे ४४० किलो साठा त्याच्याजवळ असल्याचा निरीक्षकांचा अंदाज होता.

त्या जूनमध्ये अमेरिका व इराण यांच्यात बोलणी चालू होती. १५ तारखेला मस्कतला पुढची फेरी ठरली होती. १३ तारखेला इस्राएलने हल्ला चढविला आणि २२ तारखेला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ व इस्फहान यांवर बाँब टाकले. परिणाम असा की, जो साठा निरीक्षक पाहू शकत होते तो कोठे आहे याची खातरजमा २०२५ च्या अखेरीपर्यंत त्यांना करता आली नव्हती. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परत आले. मी मुद्दाम येथेच थांबतो. निवाड्यास एवढा पुरावा पुरे आहे.

या संदर्भात आपल्या घरचे तारापूर विसरून चालणार नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील ते वीजकेंद्र अमेरिकेने १९६३ च्या कराराने उभारून दिले आणि इंधन पुरविण्याचे वचन दिले. १९७४ चा पोखरण स्फोट झाला. १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि जुने वचन त्या कायद्याखाली गाडले गेले. भारत नमला का? नाही. १९८२ साली फ्रान्सकडून इंधन मिळविले. आणि १९९८ साली पुन्हा स्फोट केले. आपण प्रसारबंदी करारावर सही केलेली नव्हती, इराणने केली होती, हा भेद मी लपवीत नाही. अण्वस्त्रांना आपला विरोध पोखरणलाही होता आणि नतान्झलाही असावयास हवा. परंतु मोडलेल्या वचनाने बाँबवाद्यांचे हात बळकट होतात, हे आपण आपल्याच देशात पाहिले आहे.

आता संमतीची कसोटी. अन्न आणि औषधे निर्बंधांतून कागदोपत्री वगळलेली होती. पण पैसे पोहोचविण्यास बँक तयार नसेल तर औषध बंदरात कसे लागणार? ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाला या वस्तूंच्या मार्गातील अडथळे दूर करण्याचा आदेश अमेरिकेला द्यावा लागला. उघड व्यापार बंद पडला की चोरटा फोफावतो आणि इराणमध्ये त्याच्या नाड्या क्रांतिरक्षक दलाच्या हाती गेल्या. मधल्या मध्ये चिरडला गेला तो कामगार. तेहरानच्या बसकामगारांनी २००५ साली आपली स्वतंत्र संघटना पुन्हा उभी केली. २००६ च्या जानेवारीत संप पुकारताच शेकड्यांनी अटका झाल्या. हफ्त तप्पेच्या साखर कारखान्यातील कामगारांनी थकलेल्या पगारासाठी झुंज दिली, तेव्हा त्यांनाही तुरुंगच मिळाला. २०२२ साली महसा अमिनीच्या मृत्यूनंतर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांना गोळ्या घालणाऱ्या सरकारला आपण केवळ अमेरिकाविरोधी म्हणून मित्र समजू लागलो, तर त्या कामगारांना आणि त्या स्त्रियांना तोंड दाखविण्याची सोय आपल्याला उरणार नाही.

म्हणून मसुद्यातील ते वाक्य मी बदलून मागणार आहे. ‘निरपवाद’ हा शब्द जावा. ज्या निर्बंधांना पीडित जनतेची मागणी नाही आणि जे कोणत्या अटीवर उठणार हे जाहीर नाही, त्यांचा निषेध, असे शब्द यावेत. अटी पाळल्यावर निर्बंध उठविण्याचे वचन करार करणाऱ्या सर्व राष्ट्रांवर बंधनकारक असावे, ही मागणी जोडावी. आणि त्याच ठरावात, पुरवणी म्हणून नव्हे, इराणच्या तुरुंगांतील कामगार कार्यकर्त्यांच्या सुटकेची मागणी असावी. या तिसऱ्या कलमाला कार्यकारिणीत विरोध आहे, हे मला माहीत आहे. उद्या त्यावर मतदान मागण्याची माझी तयारी आहे.