कार्ड आपलं, ओटीपी कुणाच्या फोनवर?

आज आयुष्मान कार्डाबद्दल बोलू या. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत, ही २०१८ सालची योजना तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या राज्यात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या जोडीने चालते. पण यादीत नाव असणं वेगळं आणि ‘ती मीच’ हे पटवून देणं वेगळं. या पटवण्यालाच ई-केवायसी म्हणतात. आता ते मोबाइलवर घरीच करता येतं.

‘आयुष्मान’ ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर कुणी फाईल पाठवली तर ती उघडूच नका. ॲपमध्ये लाभार्थी म्हणून मोबाइल नंबर टाकला की पहिला ओटीपी येतो. तो हातातल्या फोनचाच, त्यात अवघड काही नाही. पुढे राज्य, जिल्हा, आधार क्रमांक भरला की घरातल्यांची नावं दिसतात. आपल्या नावापुढे ई-केवायसी दाबलं की दुसरा ओटीपी निघतो, आणि खरी गाडी इथे अडते. हा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर असतो नवऱ्याचा, नाहीतर पुण्याला कामाला असलेल्या लेकाचा, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. लेक फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. उपचार बाईचे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे आम्हाला काही पटत नाही. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याला कागदपत्र लागत नाही. ठरलेली फी भरायची आणि आपण स्वतः हजर राहायचं.

तोवर चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. खुरपून, ऊस तोडून, राखेनं भांडी घासून ज्यांच्या बोटांचे ठसे मशीनला उमटत नाहीत, त्यांना तर हेच सोपं. त्याच फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ हे ॲप असावं लागतं. फोन आशाताईंचा असला तरी चालतो. उजेडाकडे तोंड करा, डोक्यावरचा पदर मागे घ्या, चष्मा उतरवा आणि सांगितलं की पापण्यांची उघडझाप करा.

आता नावाचं. योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेवरून केलेली. तेव्हा माहेरी असलेली लेक आज सासरी नांदते, नाव-आडनाव दोन्ही बदललेलं. ॲप यादीतलं नाव आधारशी ताडून बघतं. नीट जुळलं तर कार्ड लवकर मंजूर होतं, नाही जुळलं तर अर्ज तपासणीला जातो. म्हणून आधार आणि रेशनकार्डावरचं नाव अंगात ताकद आहे तोवरच एकसारखं करून घ्या. दवाखान्याच्या दारात, पोटात कळा येत असताना, हे होत नसतं.

घरात सत्तरी गाठलेले सासू-सासरे असतील तर त्यांचं ‘वय वंदना’ कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. वय मात्र आधारवरचंच धरतात.

कार्डाला पैसे पडत नाहीत. कुणी फोन करून ओटीपी मागितला तर सरळ फोन ठेवा, आणि फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच कळवा. योजनेची शंका १४५५५ वर विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, तेही सांगतील.

पुढच्या बैठकीला आधार, रेशनकार्ड आणि चार्ज केलेला फोन घेऊन या. आधारला कुणाचा नंबर आहे, एवढं घरी आधी विचारून ठेवा.