खांद्यालगतचे आटे



शेतावरील पंपापासून कारखान्यातील यंत्रापर्यंत असंख्य भाग आट्यांच्या आधारे एकमेकांशी जखडलेले असतात. दांड्याची जाडी जेथे एकाएकी वाढते, त्या पायरीस कारागीर खांदा म्हणतात. नट या खांद्याला भिडून बसावयाचा असेल, तर आटेही तेथपर्यंत पुरते उतरलेले असावे लागतात. नेमके हेच कठीण असते. डायच्या तोंडाशी उतार असल्यामुळे तिचे पहिले दोन-तीन दात पूर्ण खोलीचे आटे पाडीत नाहीत. अशा अपुऱ्या आट्यांत नट अडकतो. पाना फिरविणाऱ्यास तो घट्ट बसल्यासारखा वाटतो. परंतु खांद्याशी फट राहते. पुढे यंत्राच्या हादऱ्यांनी सांधा सैल होतो आणि त्यापायी अपघातही ओढवू शकतो.

यावर उपाय दोन आहेत. डायने आटे पाडून झाल्यावर ती उलटी करावी व सपाट बाजू पुढे ठेवून खांद्यापर्यंत पुन्हा फिरवावी. काम लेथवर असल्यास खांद्यालगत आधी खाच घ्यावी, म्हणजे हत्यार थांबविण्यास जागा मिळते. दांडा १० मिलिमीटरचा व दोन आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर असेल, तर आट्यांच्या तळाशी व्यास सुमारे ८.१६ मिलिमीटर उरतो. खाच त्याहून किंचित खोल असावी. तिचे कोपरे मात्र गोलसर ठेवावेत, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातून तडा जाण्याचा संभव असतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी तयार भागावर नट हाताने चढवून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी. तो खांद्याला सर्व बाजूंनी टेकला, तरच काम पुरे झाले असे समजावे.