स्नेहसंमेलनातला पोशाख
डिसेंबर आला की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. गेल्या वर्षी विंगेत पाहिलं, नववीतली एक मुलगी भाड्याने आणलेली तोकडी चोळी सारखी खाली ओढत होती. खांद्याला तीन सेफ्टी पिना. नाचात लक्ष लागणार कसं?

जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचना दिली होती, की नृत्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये लहान मुलांना अशोभनीय रीतीने दाखवू नका. शाळांनीही ती मनावर घ्यावी. आपली लावणी अंगभर नऊवारीतच तर रंगते! शिवाय आता पालकांच्या हातात मोबाइल असतो, मंचावरचा नाच लगेच चित्रित होऊन पसरतो.

पोशाख ठरवताना आधी मुलींना विचारा. एक तालीम त्याच कपड्यांत घ्या, वाकून, गिरकी घेऊन बघू द्या. कुणी अवघडली, तर बाही जोडा, अस्तर लावा.