साहेबासमोर आपण काय सांगतो
(पाड्यावरच्या बैठकीतलं बोलणं)



दाव्याच्या पाहणीला जीप आली तेव्हा आपण कसे वागलो ते आठवा. शेरडं ओहोळापलीकडे हाकलली. कोयता कुडात खोचला. साहेबाने विचारलं, "जंगलात काय आणायला जाता?" आजी म्हणाली, "नाय साहेब, आमी नाय जात." आदल्या दिवशीच तिने मोहाची टोपली भरून आणली व्हती! कागदावर लिहिलं गेलं, जंगलावर अवलंबून नाहीत. आणि २००६ च्या कायद्यात तर अवलंबून असणं हीच मोठी अट आहे.

आजी खोटारडी नाय. कोयता हिसकावून नेताना, दंडाची पावती फाडताना तिने जन्मभर बघितलंय. वर कोणाचा डोळा असला की तोंडातून तेच निघतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाय. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न इथे टेलिफोनचं सामान बनवणारा कारखाना व्हता. १९३१-३२ मध्ये तिथे १४ कामगारांना एका खोलीत बसवून त्यांचं काम कसं चालतं ते एक माणूस बघायचा. कामगारांनी आपसात ठरवलेलं, दिवसाला एवढंच काम. जास्त दाखवलं तर कंपनी दर कापेल ही भीती. एखाद्या दिवशी जास्त झालं तर मागे ठेवायचे, कमी झालं त्या दिवशी सांगायचे. म्हणजे कंपनीच्या वहीत रोजचं काम सारखंच. रोजगार हमीच्या खड्ड्यावर माप घ्यायला येतात तेव्हा आपलं दुसरं काय चालतं?

पण त्यांची मजुरी तरी वाचत व्हती. आपण लपवलं तर आपलाच हक्क जातो.

म्हणून पुढच्या पाहणीआधी आपली वही आपणच भरायची. कायद्याने दाव्याची सुरुवात ग्रामसभाच करते, आणि म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा धरतात. मोह, डिंक, कंद, चराई, ओहोळातले मासे, कोणत्या घरात कोणत्या महिन्यात काय येतं ते सगळं लिहायचं.

यात एक अडचण आमचीच आहे. आम्ही पोरं बारावीपर्यंत शिकलो. पेन काढलं की आजी आमच्याकडे पण साहेबाकडे बघावं तशी बघते, आणि "नाय नाय" करते. तेव्हा पहिले दोन दिवस वही घरीच ठेवू. पहाटे तिच्या मागून टोपली घेऊन मोहाखाली जाऊ, ती बोलेल ते ऐकू. रात्री चुलीपाशी तिच्याच नातीने लिहायचं, आणि आजीला वाचून दाखवायचं. चुकलं तिथे आजी बोलेलच, गप नाय बसायची.

नंतर ती वही ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचायची. साहेब आले की त्यांच्या पुढ्यात तीच ठेवायची. त्या दिवशी शेरडं घरीच बांधा.