हाडकी-हाडोळ्याचं राजकारण

दादासाहेब गायकवाड म्हटलं की आपल्या नाशिककरांच्या डोळ्यांसमोर काळाराम मंदिर उभं राहतं. २ मार्च १९३०, पंचवटीतले बंद दरवाजे आणि बाहेर बसलेले सत्याग्रही. ते खरंच आहे. त्या सत्याग्रहाची जिल्ह्यातली धुरा दादासाहेबांच्याच खांद्यावर होती. पण आज मी तुम्हाला देवळापासून जरा लांब, गावच्या चावडीवर नेणार आहे.

चावडीबाहेर काठी घेऊन तराळ, म्हणजे गावकीची कामं करणारा महार, उभा असे. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, वसुलीच्या रकमेबरोबर तालुक्याला जायचं, साहेब आला की त्याच्या घोड्याला वैरण आणायची, कुणी मेलं तर उन्हातान्हात परगावी सांगावा न्यायचा. काम सरकारचं, पण पगार नाही. त्याबदल्यात काय, तर बलुतं, दारोदारच्या भाकरी आणि हाडकी-हाडोळ्याचा, म्हणजे महारांच्या वतनी जमिनीचा, वाटण्या होऊन होऊन चिंधी झालेला तुकडा. ही वेठ सुटायला हवी होती, पण तो तुकडा सोडवत नव्हता. महार वतनाचा सगळा पेच इथेच होता. काम बंद करा आणि जमीन रयतेप्रमाणे आमच्या नावावर करा, अशी बाबासाहेब आंबेडकरांची मागणी होती.

दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या असेंब्लीत गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने वतनी जमिनींवरचा कर, म्हणजे जुडी, वाढवला. म्हणजे राबायचंही फुकट आणि वर पैसेही भरायचे! १९४१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच सिन्नरला परिषद भरली. बाबासाहेब आले, हा कर देऊ नका म्हणाले. सरकारला तो मागे घ्यावा लागला. मला विचाराल तर सिन्नरची ही लढाई काळारामाइतकीच मोठी, पण तिचं नाव कुणी काढत नाही. जुडी, आकार, सातबारा हे शब्द आले की श्रोते रेडिओचं बटण फिरवतात, हेही मला ठाऊक आहे.

‘चले जाव’च्या काळात बाबासाहेब, दादासाहेब ही मंडळी वेगळी राहिली, म्हणून त्यांना इंग्रजधार्जिणं म्हटलं गेलं. मला तो आरोप पटत नाही. इंग्रज गेल्यावर तराळाच्या हातातली काठी जाणार का, एवढंच ते विचारत होते. १९४६ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा धुव्वा उडाला. संयुक्त मतदारसंघात सवर्णांची मतं भारी पडली आणि हा प्रश्न विचारणाराच सभागृहाबाहेर राहिला.

मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ सालीच झाला. वतन रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडलं. तोवर दादासाहेब नाशिकचे खासदार होऊन दिल्लीला पोचले होते. तराळकी गेली, पण हाडोळ्याचा तुकडा पुन्हा नावावर करून घ्यायचा, तर कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरावी लागत होती.