शिरस्त्राणाची सक्ती आणि व्यक्तिस्वातंत्र्य



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात वसंत ऋतू आणि व्याख्यान यांची जी सांगड पडली ती आजवर सुटलेली नाही. या व्यासपीठांवर अद्वैतापासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषय येऊन गेले. मग हेल्मेटनेच काय घोडे मारले आहे? विषय डोक्यावर घालण्याच्या वस्तूचा दिसतो खरा. परंतु माझ्या जिवाचे मी काय करावे हे सरकारने सांगावे काय, हा त्याच्या पोटातला प्रश्न लहान नाही. आणि हा प्रश्न मराठवाड्यात तर हलक्या हाताने घेताच येत नाही. स्वातंत्र्य आपल्या दारी १७ सप्टेंबर १९४८ रोजी, उर्वरित देशाच्या मागाहून तेरा महिन्यांनी आले. उशिरा मिळालेल्या वस्तूची किंमत माणूस विसरत नाही. म्हणून स्वातंत्र्याच्या नावाने कोणी हेल्मेटला विरोध करील तर त्याला हसण्यावारी न्यावे असे आम्हांस वाटत नाही. त्याचे म्हणणे आधी नीट ऐकावे, मग उत्तर द्यावे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम सांगते की, सार्वजनिक ठिकाणी दुचाकी चालविणाऱ्याने आणि तिच्यावर बसणाऱ्याने शिरस्त्राण घातले पाहिजे. 'बसणाऱ्याने' हा शब्द आपण लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत. २०१९ च्या दुरुस्तीने हा नियम मोडणाऱ्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द अशी शिक्षा सांगितली. कायदा असा जुना, पण अंमल मात्र लाटांसारखा येतो आणि ओसरतो. २०१६ च्या फेब्रुवारीत औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सक्ती सुरू झाली. त्याच वर्षीच्या जुलैत 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असे राज्यभरासाठी जाहीर झाले. पंपचालकांनी आणि लोकांनी ओरड करताच त्याची धार बोथट झाली. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी कंबर कसली, तर तेथे विरोधासाठी कृती समिती उभी राहिली आणि मोर्चे निघाले.

आता विरोधकांचे म्हणणे. त्यातल्या किरकोळ तक्रारी बाजूला ठेवू. वैशाखात आपल्याकडे जे ऊन पडते त्यात डोक्यावर मडके घालून फिरणे सुखाचे नाही, हे कोणीही कबूल करील. खरा मुद्दा निराळा आहे आणि तो जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ साली मांडून ठेवला आहे. आगरकरांच्या पिढीवर ज्यांच्या विचारांचा खोल ठसा उमटला त्यांतला हा एक. मिल म्हणतो, प्रौढ माणसाने स्वतःपुरते काही केले आणि त्यात दुसऱ्याचे नुकसान नसेल, तर त्याला समजवा, विनवा, पण जबरदस्ती करू नका. त्याने एका पुलाचा दाखला दिला आहे. पूल धोक्याचा आहे आणि एक माणूस त्यावर पाऊल टाकीत आहे. त्याला सांगायला वेळ नसेल तर खुशाल त्याचा हात धरून मागे ओढा, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नाही. पण पूल धोक्याचा आहे हे त्याला पुरते ठाऊक असून त्याला जायचेच असेल, तर सावध करा आणि बाजूला व्हा.

हा युक्तिवाद भक्कम आहे. त्याला नेहमी जे उत्तर दिले जाते ते आम्हांस तितके भक्कम वाटत नाही. ते उत्तर असे की, तुझे डोके फुटले तर दवाखान्याचा खर्च सरकारच्या, म्हणजे आमच्या माथी पडतो. ते खोटे नाही. पण त्या न्यायाने तंबाखू, दारू, एवढेच काय, जिलेबीवरही पहारा बसवावा लागेल. खर्चाच्या हिशेबाने स्वातंत्र्य मोजू लागलो तर शेवटी हाती काही उरणार नाही.

न्यायालयाचे मत मात्र स्पष्ट आहे. आंध्र प्रदेशातील हेल्मेटच्या नियमामुळे देशात मुक्तपणे संचार करण्याच्या घटनादत्त हक्कावर गदा येते, असा दावा अजय कानू यांनी सर्वोच्च न्यायालयात केला होता. १९८८ साली न्यायालयाने तो फेटाळला. हा नियम स्वाराच्या हिताचा आहे आणि त्याने संचार अडत नाही, असा त्या निकालाचा आशय. गाडी चालव, हवे तेथे जा. फक्त डोके झाकून जा, इतकेच कायदा म्हणतो.

येथे कोणी विचारील, मग आमच्या शेजारच्या नांदेडात पगडीधारी शीख बांधवांना सूट का? कायद्यानेच ती दिली आहे. ब्रिटननेही १९७६ साली दिली. ज्या नामदेवांच्या नावाने नर्सी ओळखली जाते त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, तेव्हा हा प्रश्न आपण तरी दुजाभावाने विचारू नये. पगडी हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. ती उतरवणे म्हणजे धर्म उतरवणे. आमचा आक्षेप उन्हाचा, केसांचा आणि गाडी लावल्यावर हेल्मेट कोठे ठेवावे याचा. सदसद्विवेकाला मान देणे आणि गैरसोयीला मान देणे यांत फरक आहे. कायद्याला स्वातंत्र्य कळतच नाही, हा आरोप या एका अपवादाने खोटा ठरतो.

आता खुद्द हेल्मेटकडे वळू. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडात आपल्या घराजवळच्या रस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता, मग गेला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलवरील जासुदांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने त्या जासुदांना शिरस्त्राण सक्तीचे केले. नागरिकांसाठी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९६१ साली आणि ब्रिटनने १९७३ साली कायदा केला. हा नियम कोणा कारखानदाराच्या डोक्यातून निघालेला नाही, हे सांगण्यासाठी एवढा इतिहास सांगितला.

'गावातल्या गावात, हळू चालवतो, मला कशाला हवे?' हे वाक्य आपण रोज ऐकतो. त्याला गणिताने उत्तर देता येते. दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते. म्हणजे गाडी उभी असतानाही माणूस आडवा झाला तर डोके जवळपास त्याच वेगाने डांबरावर येते. कवटी थांबते, पण आतला मेंदू थांबत नाही. तो कवटीच्या भिंतीवर आपटतो. हेल्मेटचे बाहेरचे कवच तो मार पसरवते आणि आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपून डोक्याला थांबायला क्षणभर जास्त वेळ देतो. तो थर एकदा चेपला की त्याचे काम संपले. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधला नसेल तर डोक्याच्या आधी हेल्मेटच रस्ता गाठते. जगभरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेला निष्कर्ष असा की, हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. शंभर टक्क्यांनी नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

श्रोतेहो, येथवर आपण ज्याच्या स्वातंत्र्याची चर्चा केली तो माणूस कोण होता? तो एकटा होता, प्रौढ होता आणि हँडल त्याच्या हातात होते. मिलच्या पुलावर जाणारा माणूसही एकटाच होता. आता आपल्या जिल्ह्याचा कोणताही रस्ता डोळ्यांसमोर आणा. हळदीचा पैसा घेऊन मोंढ्यातून परतणारा शेतकरी, श्रावणी सोमवारी औंढ्याला निघालेले जोडपे, हिंगोलीच्या दसऱ्याचे प्रदर्शन पाहायला वसमतहून, कळमनुरीहून, सेनगावाकडून येणारे कुटुंब. एम एच ३८ ची पाटी असलेल्या या गाड्यांवर एकटा माणूस किती वेळा दिसतो? पुढे टाकीवर पोर, मागे एका अंगाने बसलेली घरधनीण, तिच्या मांडीवर आणखी एक लेकरू. कायदा मागे एकालाच परवानगी देतो ही गोष्ट तर आपण सोडूनच दिली आहे. चालवणाऱ्याकडे हेल्मेट असेलच तर ते आरशाला लटकलेले असते आणि चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढते. मागे बसलेलीच्या डोक्यावर असतो पदर.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे होते. हेल्मेटने हे सारेच वाचले असते असे नव्हे. पण या आकड्याची फोड पाहा. त्यांत चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७ होते. मागे बसणाऱ्याने वेग ठरवलेला नसतो, खड्डा पाहिलेला नसतो, ब्रेक त्याच्या पायाखाली नसतो. हेल्मेट विकत घ्यायचे की नाही, हेही बहुधा त्याला किंवा तिला कोणी विचारलेले नसते.

'माझे डोके, माझी मर्जी' ही घोषणा नेहमी पुढच्या सीटवरून येते. मागच्या सीटवरून ती आलेली आम्ही ऐकली नाही. 'अहो, मलाही एक घ्या' असे म्हणण्याचे स्वातंत्र्य त्या बाईला आपल्या घरांत किती आहे, हा खरा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने असा वाद पूर्वी एकदा पाहिला आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहाचे बारा केले गेले. सुधारणा समाजाला पटवून व्हावी, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे, असे टिळकांचे म्हणणे. कायदा हवा असे आगरकरांचे. परकीय सत्तेबद्दलची टिळकांची शंका अवाजवी होती असे कोण म्हणेल? तथापि त्या सगळ्या गदारोळात जिच्या शरीराचा प्रश्न होता ती दहा-अकरा वर्षांची पोर कोठेच बोलत नव्हती. घराचे स्वातंत्र्य, धर्माचे स्वातंत्र्य, समाजाचे स्वातंत्र्य यांवर रकानेच्या रकाने भरत होते. हेल्मेट आणि संमतिवय यांची तुलना तंतोतंत नाही, हे आम्ही जाणतो. एवढेच दाखवायचे आहे की, स्वातंत्र्याचा वाद सुरू झाला की तो कोण करीत आहे आणि कोण गप्प आहे, हे आधी पाहावे. जेथे गप्प राहणाऱ्याच्या जिवावर बेतते तेथे कायद्याने हात घालावा. मिलचे तत्त्वही तेथे आडवे येत नाही, कारण नुकसान आता दुसऱ्याचे आहे.

मग एकट्या जाणाऱ्या प्रौढ स्वाराचे काय? त्याच्यापुरता कायद्याचा आधार पातळ आहे, हे आम्ही मान्य करतो. पण रस्त्यावर उभ्या शिपायाने हा एकटा, तो दुकटा, याला घरी वाट पाहणारे आहेत, त्याला नाहीत, असा निवाडा कसा करावा? काही नियम सर्वांना सारखे असले तरच पाळले जातात. त्या स्वाराने सोसायची गैरसोय थोडी आहे आणि तिच्यामुळे मागच्या सीटवरचे हजारो जीव वाचणार असतील, तर ती मागण्याचा हक्क समाजाला आहे असे आमचे मत आहे.

मात्र सक्ती करणाऱ्यालाही कर्तव्ये आहेत. वर्षातून पंधरा दिवस मोहीम आणि साडेअकरा महिने झोप, अशाने लोकांना कायदा शिकत नाही, पोलिसाची जागा तेवढी पाठ होते. रस्त्यावरचे खड्डे न बुजवता दंडाची पावती फाडणाऱ्याला लोक वसुलीवालाच म्हणणार. 'रस्ते खराब, मग हेल्मेट कशाला?' हा उलटा तर्क आहे, कारण रस्ता खराब म्हणूनच ते अधिक हवे. परंतु खराब रस्त्याचा जाब विचारण्याचा आपला हक्क हेल्मेट घातल्याने संपत नाही. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनविण्यास व विकण्यास बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला शे-दोनशेला मिळणारी टोपली कोण तपासतो? नवीन दुचाकीबरोबर प्रमाणित हेल्मेट द्यावे असा नियम आहे आणि गाडीबरोबर दोन द्यावीत असा मसुदा केंद्राने २०२५ साली काढला. दोन हा आकडा आम्हांस फार मोलाचा वाटतो. मागच्या सीटवर माणूस असतो, हे सरकारच्या कागदावर इतक्या साध्या हिशेबाने आले.

आणि आपण? लग्नात जावयाला गाडी देण्याची हौस आपल्याकडे आहे. ती हौस चांगली की वाईट हा निराळा विषय; पण गाडी देणाराच असाल तर आपल्या लेकीच्या डोक्याचाही विचार करा. गाडी तिचा नवरा चालवील, मागे ती बसणार आहे. दुकानात गेलात की एक हेल्मेट मागू नका, दोन मागा, चिन्ह पाहून घ्या, तिच्या डोक्यावर बसवून पाहा आणि पट्टा बांधायला शिकवा. उन्हाळ्यात आत सुती दस्ती बांधली की घामाचा त्रास कमी होतो. इतके आपण केले तर चौकातला पोलीस हा या विषयातला सर्वांत बिनमहत्त्वाचा माणूस ठरेल.

व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी बरीच मंडळी बाहेर लावलेल्या गाड्यांवरूनच घरी जातील. त्यांनी सावकाश जावे, अशी विनंती आहे.